उभा मॉनिटर आणि नायिफचं पान

प्रिय बाबा,

हे पत्र मकदूसच्या बरणीबरोबर येतंय. आईने यंदा वांग्यांत अक्रोड जरा जास्तच भरलेत आणि तेल अगदी काठापर्यंत आहे, तेव्हा बरणी आडवी ठेवू नका. झाकणाच्या दोरीतच मी पाकीट खोचलंय, म्हणजे बसवाला अबू हुस्नी द्यायला विसरला तरी ते तुमच्या हाताला लागेल. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. पण बाबा, तुमच्या अकबा बंदरातली लाईन नेमकी माझ्या महत्त्वाच्या वाक्यालाच खराब होते, आणि माझे व्हॉइस मेसेज तुम्ही अर्ध्यावर सोडता हे मला चांगलं माहीत आहे. कागदाची लाईन खराब होत नाही. शुक्रवारी आपल्या रुमैनी घराण्याचा नवा वृक्ष घराण्याच्या सामाईक दिवाणखान्यात लागणार, म्हणजे गुरुवारी संध्याकाळी मला तो छापायला टाकावाच लागेल, आणि त्यावर तुमच्या फांदीला कोणतं पान लागणार हे अजून ठरायचंय. ते सांगायच्या आधी मला एका मॉनिटरबद्दल सांगावं लागेल. हसू नका. सगळं त्या मॉनिटरमुळेच उघडं पडलंय.

आमचं दुकान तुम्ही पाहिलंय. अम्मानात जबल हुसेनला, चपलांच्या दुकानावरचं, उस्ताद फवाजचं. लग्नपत्रिका आणि निवडणुकीचे बॅनर छापून भाडं निघतं, पण नाव आहे ते घराण्यांच्या वृक्षांसाठी. खोडावर मूळ पुरुष, मग मुलगे म्हणजे फांद्या, नातू-पणतू म्हणजे पानं, आणि सगळ्यात थोरल्याची फांदी उजवीकडे. ते वृक्ष मी काढते, आणि चांगले काढते, हे मी सांगायला नको, लोक सांगतात. तर रमजानमध्ये आमचा जुना मॉनिटर गेला. आणि हे कळताच दुकानात कोण उगवलं? अबू मुआज काकांचे कुलदीपक, आमचे चुलतबंधू मुआज. हा प्राणी गेम खेळणाऱ्या पोरांना स्क्रीन विकतो आणि स्वतःला इंजिनियर म्हणवतो. त्याने आणलेली वस्तू दोघांनी धरून जिन्यावरून वर चढवली. बसची पुढची काच असते ना, तेवढी रुंद, तशीच वाकलेली. तिच्यासमोर बसलं की वाटायचं, आता किल्ली फिरवायची आणि डेझर्ट हायवेला लागायचं. दोन्ही टोकं आपल्याकडे वळलेली, जणू दोन्ही कानांत एकदमच काहीतरी कुजबुजणार आहेत. मुआज म्हणाला, "यावर तू अख्खं घराणं एका नजरेत बघशील, जुमाना." मी म्हटलं, "घराणं आडवं झोपलेलं असेल तर दिसेल." उस्ताद फवाजला ते कळलंच नाही. तो त्या काचेत स्वतःचं टक्कल बघून मिशी सारखी करत होता.

काम करायला बसले तेव्हा माझी पार वाट लागली. वृक्ष उंच असतो, बाबा. त्याला खाली खोड असतं आणि वर पानं. पण त्या काचेत उंचीच नाही. मुळाशी जावं तर शेंडा गायब, शेंड्याला जावं तर बाप कोणाचा कोण ते कळेना. दिसायची ती फक्त एक आडवी पट्टी. एका पिढीची रांग. मोहम्मद, नायिफ, मोहम्मद, यासीन, नायिफ, मोहम्मद, लष्करात हजेरी घेतल्यासारखे उभे. आणि समोर एवढी रुंद जागा मोकळी दिसली की हात आपोआप फांद्या पसरत जातो. माणूस खिडकीच्या आकाराचं चित्र काढतो, हे मला तेव्हा कळलं. मी फवाजला हे तीनदा सांगितलं. तो म्हणाला, "पोरी, ज्याच्या हातात कसब आहे त्याला टीव्हीचा आकार विचारावा लागत नाही." टीव्ही म्हणाला तो. अशा माणसाकडे मी नोकरी करते.

मग अबू जलालवाल्यांचा वृक्ष झाला. तो मी त्या बसच्या काचेवर काढला, काढावाच लागला. दिसायला मस्त, पण वृक्ष कसला, झुडूप! आडवं, पसरट, बकऱ्यांनी वरून खाल्ल्यासारखं. मापं मुआजनेच घेतली होती, फोनवर. त्यांच्या दिवाणखान्यात लावायला गेले तर भिंत दोन एसींच्या मध्ये, अरुंद आणि छतापर्यंत उंच. आता काय करणार? उजवी बाजू कोपऱ्यातून वळवून दुसऱ्या भिंतीवर घेतली. म्हणजे काय झालं, थोरल्या आजोबांची अख्खी फांदी एसीच्या मागे गेली आणि त्यांच्या नातवांवर कॉफीच्या भांड्यांची वाफ. त्यांचा म्हातारा हाजी काठी आपटून ओरडला, "माझा बाप एसीच्या मागे? हयातीत कधी कोणाच्या मागे उभा राहिला नाही तो!" शेवटी त्यांनी एसी काढला, वृक्ष नाही काढला. ऑगस्टमध्ये सगळे पूर्वजांच्या खाली घाम पुसत बसले होते आणि मटण-भाताच्या मनसफमधलं जमीदचं आंबट दही थेट कपाळातून निघत होतं. आणि शिव्या कोणी खाल्ल्या? मी. मुआज म्हणाला, "मुलींना मोजमाप जमत नाही." मापं घेणारा तो!

त्या दिवशी मी ठरवलं की माझा मॉनिटर मी निवडणार. बाबा, तुम्हाला वाटेल ही यंत्रांची वेडी आहे, आणि आहेच मी. पण तुम्ही तो बघितला असता तर तुम्हीसुद्धा हात फिरवला असता. एका बंद पडलेल्या पेपरच्या ऑफिसचं सामान विकायला निघालं होतं, तिथे तो कोपऱ्यात उभा होता. हो, उभा. रुंदीपेक्षा उंची जास्त. दोन साधे मॉनिटर एकावर एक ठेवले तर जसं दिसेल तसा, पण मध्ये जोड नाही, एकच अखंड काच. त्यावर पेपरचं अख्खं पान जसंच्या तसं दिसायचं म्हणे, मथळ्यापासून खालच्या मरणवार्तांपर्यंत. विकणाऱ्याला वाटत होतं की हा बिघडलेला माल आहे, कोणीतरी चुकीचा कापलाय. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही. टॅक्सीत मांडीवर घेऊन आणला. फवाज बघून म्हणाला, "हा काय फ्रिज आणलास?" मुआज तर खुर्चीवर लोळून हसला. "अरे, हा तर सरळ उभा राहून सलाम करतोय! जुमाना, याला जेवायला काय घालतेस?" मी वायर लावली आणि आपला वृक्ष उघडला. खोडापासून शेंड्यापर्यंत, कुठेही न तुटता. चार पिढ्या एका नजरेत. मला रडूच आलं, खरंच. फवाजही जवळ सरकून बघायला लागला. मग म्हणाला, "रुमैनींचा वृक्ष शुक्रवारी तुझ्या काकांना पसंत पडला तर हा फ्रिज राहील. नाही पडला तर मुआजची काच परत येईल, आणि काचेबरोबर तुझ्या खुर्चीत मुआजही."

आता नीट वाचा. तुम्हाला ठाऊक आहे, या वेळी नावं अबू मुआज काकांनी गोळा केली, प्रत्येक फांदीच्या कर्त्याला फोन करून. कर्त्याच्या तोंडून आल्याशिवाय ना पान लागणार ना पान गळणार, असा आपला नियम. मुआजने ती टाईप केली, मी फक्त पानं लावली. त्या बसच्या काचेवर मी ती रांगेने लावत गेले होते, पिढीची पट्टी धरून. आपल्यात आजोबांच्या नावाचे नायिफ किती आहेत ते तुम्ही जाणताच, दर तीन पानांमागे एक. एखादा नायिफ कमी काय, जास्त काय, रांगेत कोणाला कळणार? पण उभ्या मॉनिटरवर पहिल्याच संध्याकाळी मी खोडापासून बोट लावून वर गेले. नायिफ, माझे आजोबा. त्यांच्यातून निघालेली डावीकडची शेवटची फांदी, रातिब. म्हणजे तुम्ही. आणि तुमच्यातून निघालेलं एकच पान. हिरवं, गुळगुळीत, मीच रंगवलेलं. नायिफ रातिब नायिफ रुमैनी.

मी आधी हसले, बाबा. सिदराला फोटोही पाठवला. तिने लिहिलं, "अरे वा, दादा शेवटी सापडला!" आठवतं? लहानपणी काच फुटली, दूध उतू गेलं, गालिच्यावर शाई सांडली की आम्ही तिघी बहिणी एका सुरात म्हणायचो, नायिफने केलं. आणि तुम्ही रागावता रागावता हसायचात. सगळं जग तुम्हाला अबू नायिफ म्हणतं, ज्याला मुलगा नाही त्याला त्याच्या बापाच्या नावाने न झालेल्या मुलाचा बाप करायचं ही आपली रीत. पेट्रोल पंपावरचा माणूस अबू नायिफ म्हणतो, आमच्या शाळेची मिस सुद्धा म्हणायची. मला वाटलं, मुआजसारख्या गाढवाकडून आणखी काय होणार. लोक अबू नायिफ म्हणतात ना, मग नायिफ असणारच, टाक पान. अशी चूक फक्त आपल्याच लोकांकडून होऊ शकते.

सोमवारी काका वृक्ष तपासायला दुकानात आले. सोबत मुआज आणि दोन धाकटे काका. तुम्हाला तो सोहळा बघायला हवा होता. प्रत्येकाने चष्मा चढवला, आपापलं पान शोधलं आणि मान डोलावली. दुसऱ्याच्या पानाकडे कोणी ढुंकून बघितलं नाही. अबू मुआज काकांना आपलं पान जरा मोठं हवं होतं. "मोठं म्हणजे किती, काका?" "म्हणजे लांबून दिसेल एवढं." वलीद काकांनी आपल्या चार मुलींची पानं मोजली. हो, या वेळी धाकट्यांनी रेटून ठरवलं होतं ना, ज्याला मुली लावायच्या त्याने खुशाल लावाव्यात. अबू मुआज काका म्हणाले, "वलीदची फांदी बघा, फुलांचं दुकान झालंय." आणि वलीद काका थंडपणे म्हणाले, "अबू मुआज, तुझ्या फांदीला काटे आहेत, म्हणून तुला फुलं खुपतात." मला त्या क्षणी वलीद काकांच्या हाताचं चुंबन घ्यावंसं वाटलं.

मग मी तुमच्या फांदीवर बोट ठेवून म्हटलं, "काका, इथे चूक झाली आहे." काकांनी चष्मा खाली घेतला. "कसली चूक? सगळा अम्मान त्याला अबू नायिफ म्हणतो." मी म्हटलं, "मग नायिफ कुठे आहे? बोलवा ना त्याला. जेवून जाऊ दे." मुआज खिंकाळला, "पोरीला त्या उभ्या काचेत भुतं दिसायला लागली. तरी मी सांगत होतो, वाकडा घे." त्याच्याकडे मी बघितलं नाही. पण काका हसले नाहीत, बाबा. ते म्हणाले, "मी स्वतः फोन केला होता त्याला. म्हटलं, मुली लिहू का? तो गप्प बसला. म्हटलं, मग नायिफ लिहू? तर म्हणाला, लिही."

मी म्हटलं, तुम्ही खोटं बोलताय. काकांना तोंडावर म्हटलं, सगळ्यांसमोर. ते चिडले नाहीत, आणि म्हणूनच मला ते पटायला लागलं. मुआजला त्यांनी बाहेर चहा आणायला पिटाळलं. मग माझ्या बाजूला स्टुलावर बसले आणि एकदम मऊ आवाजात बोलायला लागले. मोठी माणसं असा आवाज फक्त काहीतरी विकताना काढतात. "बेटी, एका पानावरून बापाला चारचौघांत उघडं पाडू नकोस. तुला हा मॉनिटर हवा ना? घे. शुक्रवारी मी फवाजला सांगतो, असला उत्तम मॉनिटर अख्ख्या अम्मानात नाही. मुआजची काच परत जाईल. फक्त ते पान राहू दे. कोणाचं काय जातं? तुझा बाबा खूश, तूही खूश." मी म्हटलं, "आणि नायिफ?" ते म्हणाले, "तो तर सगळ्यात खूश."

त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला. विचारलं, काका म्हणाले ते खरं का. तुम्ही म्हणालात, "बाबा, लाईन खराब आहे, क्रेनचा आवाज आहे." मला हाक मारताना तुम्ही 'बाबा'च म्हणता, इथले सगळे वडील आपल्या पोरांना म्हणतात तसं. पण त्या दिवशी मागे क्रेनचा आवाज नव्हता. गाणं चालू होतं. मंगळवारी पुन्हा केला, तेव्हा म्हणालात, "वृक्षाबिक्षाचं काय एवढं, कागदच तो." कागदच तो? मग तो दिवाणखान्यात तुमच्या डोक्यावर का लावतात? लग्न ठरवायला माणसं येतात ती त्याच्याखाली बसतात, मयताला येतात तीही त्याच्याकडेच बघत कॉफी पितात. आमच्या इंग्लिश शाळेसाठी तुम्ही अकब्याच्या त्या भट्टीत जाऊन बसलात, आम्ही तिघी काय काय झालो ते बंदरातल्या प्रत्येक माणसाला कंटाळा येईपर्यंत सांगता, हे अबू हुस्नीच मला सांगतो. मग आपल्या सख्ख्या भावाला सांगताना काय झालं? नायिफची शाळा कोणती होती, बाबा? त्याला ताप आला तेव्हा तुम्ही किती वाजता निघालात? गुणी मुलगा आहे, मान्य. कधी उलट बोलला नाही, कधी पत्र लिहून डोकं खाल्लं नाही.

मुआज मूर्ख आहे, त्याची काच मूर्ख आहे, फवाज आणि काका आपापल्या मापाचे मूर्ख आहेत. एवढं सगळं मी तावातावाने लिहिलं आणि आत्ता वाचून बघितलं तर कळलं, त्यांच्यावर मी इतकी का घसरले. ज्याच्यावर घसरायचं त्याच्यावर घसरायला जीभ वळत नव्हती. त्या वाकड्या काचेवर मला तुम्ही कधी दिसलाच नसतात, नुसती रांग दिसली असती आणि मी सुखात राहिले असते. आता रोज सकाळी मॉनिटर चालू केला की तुम्ही दिसता. खाली आजोबा नायिफ, वर न जन्मलेला नायिफ, आणि मध्ये तुम्ही, दोघांमध्ये चेंगरलेले.

तर हे पत्र यासाठी. नायिफच्या मागे मी तीन पानं काढून ठेवलीत. रिकामी. माऊस माझ्या हातात आहे, नावं टाकायला मला क्षणभरही लागणार नाही, आणि शुक्रवारी चष्मे लावून प्रत्येक जण स्वतःचंच पान बघेल, कोणाला कळणारही नाही. पण मी टाकणार नाही. चोरून चिकटवलेलं पान मला नको, नियम आहे तो आहे, कर्त्याच्या तोंडून यायला हवं. गुरुवारी दुपारी अबू मुआज काका दुकानात येऊन बसणार आहेत. तुम्ही दुकानाच्या फोनवर फोन करा. मी स्पीकर लावीन. मला काही समजावू नका, काकांशी भांडू नका, लाईन खराब असली तरी चालेल, कारण तीनच शब्द बोलायचेत. जुमाना. रनीम. सिदरा. मग मॉनिटर गेला तरी जाऊ दे, मुआज त्या खुर्चीत बसला तरी बसू दे. आणि फोन आला नाही तर मी नायिफ छापीन. आकस न ठेवता, सुंदर छापीन, शिरांसकट. काका मला मॉनिटर मिळवून देतील, मी तो घेईन, आणि त्यावर दुसऱ्यांची घराणी काढत बसेन. फक्त यापुढे मकदूसची बरणी बसवर चढवायला नायिफला सांगा.

तुमचीच, पान लागो न लागो,
जुमाना